झाकणाच्या आतली खूण

ज्याला कळलेलं नाही त्याची मान कशी हलते, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. आधी ओठांवर हसू येतं, भुवया किंचित वर जातात आणि मग मान दोनदा हलते, जरा जास्तच भरभर. "हो, हो." समोरच्याने पुन्हा विचारू नये म्हणून केलेली ती सोय असते. कान तपासून श्रवणयंत्रं बसवण्याचं काम तिने एकोणीस वर्षं केलं होतं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "पेशंट हो म्हणाला की विश्वास ठेवायचा नाही. मान बघायची. दोनदा हलली की समजायचं, काही पोचलेलं नाही."

तिच्या वडिलांची मान मात्र तशी कधी हलली नव्हती. बाबा घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर, औषधांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या मध्ये, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने पायरीवरच थांबावं एवढं त्यांचं दुकान. त्यांचे कान उतरायला लागले तेव्हाही, कुणाचं बोलणं कळलं नाही तर ते डोळ्यावरचं भिंग वर करून सरळ म्हणायचे, "ऐकू आलं नाही. परत बोला." तरीही नाही कळलं तर, "अजून एकदा. घाई तुम्हाला असेल, मला नाही." कुणी ओशाळायचं, कुणी हसायचं. बाबांना त्याचं सोयरसुतक नसे. न कळता हो म्हणून एखाद्याचं घड्याळ उघडायचं, हे त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

लहानपणी शाळा सुटली की ती दुकानातल्या उंच स्टुलावर जाऊन बसायची. बाबा घड्याळाचं मागचं झाकण काढून, उपडं करून तिच्या हातात द्यायचे आणि दुसरं भिंग पुढे सरकवायचे. "वाच."

झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे असायचे. नीट बघितलं की कळायचं, ओरखडे नव्हेत, अक्षरं आहेत. प्रत्येक घड्याळजी दुरुस्तीनंतर सुईच्या टोकाने आपली खूण आणि तारीख कोरतो, कधी काय बदललं तेही. बाहेरून ते कधी दिसत नाही. घड्याळाच्या मालकालाही ठाऊक नसतं.

"हा बघ, एकतीस वर्षांपूर्वीचा," बाबा म्हणायचे. "स्प्रिंग बदलली म्हणतो. आणि हा दुसरा, याने काय केलं ते लिहिलेलंच नाही. घाईत होता लेकाचा, नाहीतर काहीतरी मोडून ठेवलं असणार."

"पण कुणासाठी लिहितात, बाबा?"

"पुढच्यासाठी. आपण काही कायमचे नसतो बसलेले. घड्याळ आपल्यापेक्षा जास्त जगतं. पुढच्याला आत काय आहे ते कळायला नको?"

बाबांची खूण म्हणजे एक त्रिकोण आणि त्याच्या पोटात ठिपका. गावातल्या निम्म्या घड्याळांच्या पोटात तो त्रिकोण होता.

मोठी झाल्यावर ती श्रवणशास्त्र शिकली आणि श्रवणयंत्रांच्या एका बड्या साखळी दुकानात लागली. काचेची दारं, गुबगुबीत खुर्च्या, सगळं चकाचक. बाबांचे कान तपासले तेव्हा बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येणं बरंच कमी झालं होतं, पण शब्दांची ओळख शाबूत होती. तोंड झाकून एकेक शब्द म्हणायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा, अशी ती परीक्षा असते. पंचवीस शब्दांपैकी बाबांनी एकवीस बरोबर सांगितले. चुकलेल्या चारांवर वाद घातला तो वेगळाच.

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कंपनी यंत्रं फुकट द्यायची. तिने बाबांना उत्तमातली जोडी दिली, संगणकाला जोडून त्यांच्या कानाच्या मापाने बसवली आणि शेवटच्या पडद्यावर आली. तिथे एक चौकोन असायचा, त्यात आधीपासूनच बरोबरची खूण. 'यंत्र संस्थेच्या नावे कुलूपबंद करा.' कुलूप लागलं की ते यंत्र फक्त त्या कंपनीच्या दुकानातल्या प्रोग्रॅमलाच जुमानायचं, बाकी कुणाला नाही. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी असं कारण वरून आलं होतं आणि तिनेही ते कधी पारखून घेतलं नव्हतं. घरच्यांच्या यंत्रांना ही खूण काढायची मुभा होती. पण कामाच्या पायऱ्यांचा जो तक्ता दुकानाच्या भिंतीवर लावलेला होता, तो तिनेच तिच्या सुबक अक्षरात लिहिला होता. नववी पायरी: कुलूप तपासा. आपण लिहिलेला नियम आपल्याच बापासाठी मोडायचा, हे तिच्या शिस्तीत बसेना. तिने खूण तशीच ठेवली आणि बटण दाबलं.

बाबांनी यंत्रं कानाला लावली आणि दुकानातली सगळी घड्याळं एकदम ऐकून दचकले. "अगं, एवढा गोंगाट करतात होय ही? आणि मी यांना शहाणी समजत होतो!"

तीन वर्षं झकास गेली. मग कंपनी विकली गेली. विकत घेणाऱ्यांनी गावातली दुकानं बंद केली, संगणक उचलून नेले. तिला रुग्णालयाच्या श्रवण विभागात काम मिळालं. तिथे यंत्र बनवणाऱ्यांचा मूळ प्रोग्रॅम होता, कुठल्याही दुकानातून घेतलेलं यंत्र चालवणारा. तोवर बाबांचे कान आणखी उतरले होते आणि यंत्रं नव्या मापाला जुळवायला हवी होती. हातचा मळ होता तो, अर्ध्या तासाचं काम. तिने यंत्रं वायरीला जोडली. पडद्यावर उमटलं: 'हे यंत्र दुसऱ्या संस्थेच्या नावे आहे.' पुढे काही करायला बटणच नव्हतं.

"बिघडलंय का?" बाबांनी विचारलं.

"नाही. कुलूप आहे."

"कुठे? बघू." त्यांनी यंत्र चिमट्यात धरून भिंगाखाली सगळ्या बाजूंनी फिरवलं. "याला तर स्क्रूसुद्धा नाही."

"आतल्या प्रोग्रॅमला आहे, बाबा. दिसत नाही."

"लावलं कुणी?"

तिने वायर गुंडाळली. "कंपनीने," ती म्हणाली.

"मग काढतील की. आपलंच यंत्र आहे." आणि भिंग डोळ्यावर घेता घेता म्हणाले, "आणि तू आहेस. तू उघडशील."

कंपनीच्या मदत क्रमांकावरची बाई गोड बोलायची. "तुमची विनंती पुढे पाठवली आहे, मॅडम."

"पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे, मॅडम."

"मला कळेल असा एखादा विभाग, माणूस, काही?"

"तेसुद्धा पुढचेच सांगतील, मॅडम."

यंत्रांचे क्रमांक मागितले, दिले. खरेदीची पावती मागितली. फुकट मिळालेल्या वस्तूची पावती कुठून आणायची? मग जुन्या दुकानप्रमुखाचं पत्र मागितलं, तो तर परदेशी निघून गेलेला. दर वेळी घोडं नव्या जागी अडायचं आणि दर वेळी ती बाबांना सांगायची, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, दुसऱ्या बनावटीची नवी घेऊ. बाबांनी ठाम नकार दिला. "चालू यंत्र टाकून नवं घ्यायचं? बिघडलेलं असतं तर गोष्ट वेगळी. हे धडधाकट आहे, नुसतं कोंडलेलं आहे. थांबतो मी."

ते थांबले. यंत्रांतून येणारं बोलणं उशीतून आल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा त्यांनी ती काढून सुट्या काट्यांच्या डबीत ठेवली. गिऱ्हाइकांसाठी एक वही केली, तिला सुतळीने पेन्सिल बांधली. लोक लिहायचे, बाबा वाचून तोंडी उत्तर द्यायचे. तीही लिहायची. एक वाक्य तेवढं तिला लिहिता आलं नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा पान फाडलं. त्या वहीत चपलांच्या दुकानवाल्यापासून सगळे डोकावायचे, हे एक झालं. दुसरं खरं कारण असं, की ते वाक्य बाबांनी तिच्या आवाजात ऐकावं आणि तिच्याकडे बघून काय ते म्हणावं, चिडावं, बोल लावावेत, असं तिला वाटत होतं. आधी ऐकू येऊ दे, मग सांगेन. तिने स्वतःलाही पुढचा आठवडा दिला होता.

असे दोन वर्षांचे आठवडे गेल्यावर ती फुकटीकडे गेली.

फुकटी तिची कॉलेजातली मैत्रीण. आता तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवायची. कुणालाही पैसे न देता वापरता, वाचता, बदलता येतील अशा मोकळ्या प्रोग्रॅमांचं वेड तिला तेव्हापासून, म्हणून सगळ्यांनी नाव पाडलं फुकटी. ती मोकळ्या प्रोग्रॅमावर चालणारं श्रवणयंत्र करतेय, हे पाच वर्षांपूर्वी एका परिषदेत कळलं होतं. वायरी लोंबणारा तो डबा बघून नाक मुरडत हिनेच भर सभेत विचारलं होतं, "माझ्या पेशंटच्या गळ्यात मी साबणाची डबी अडकवू का?" सभा खो खो हसली होती. फुकटीही हसली होती, जरा उशिरा.

आता दार उघडून फुकटी म्हणाली, "साबण संपला वाटतं तुझा?"

"संपला," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

फुकटीने पुढे चेष्टा केली नाही. स्टुलावरची तारांची भेंडोळी उचलून तिला बसायला जागा केली. डबी अजूनही साबणाच्या डबीएवढीच होती. दोन वायरी, कानात घालायची दोन बोंडं. चार तासांत बॅटरी उतरायची आणि मध्येच शिट्टी मारायची.

"फुकट देशील मला?" तिने विचारलं.

"फुकट तर तुझ्या कंपनीनेही दिलं होतं," फुकटी म्हणाली. "काय उजेड पडला? पैसे हा विषयच नाही गं. वीस वर्षं मी हेच बोंबलतेय. हे घे, चालव. आत काय आहे ते वाच. पटलं नाही तर बदल, माझी परवानगी मागायला येऊ नकोस. आणि बदललंस की पुढच्याला दे, तेवढं विसरू नको. उद्या मी मेले, संस्था बंद पडली, तरी हे तुझ्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही. एवढंच आहे ते. एवढ्यासाठी लोकांनी मला फुकटी म्हटलं."

तिने पडद्यावर प्रोग्रॅम उघडून दिला. प्रोग्रॅममधल्या काही ओळी यंत्रासाठी नसतात, माणसांसाठी असतात. यंत्र त्या वगळून पुढे जातं. ती त्याच ओळी आधी वाचत गेली. कुठल्या देशातली कोण जाणे, एकीने लिहिलं होतं: आईला भांड्यांचा आवाज टोचतो म्हणून इथली कमाल मर्यादा उतरवली, आता ती स्वयंपाकघरात येऊन बसते. त्याखाली तारीख. आणखी खाली एकाने लिहिलं होतं: वाऱ्याचा आवाज कमी करायचा हा उपाय फसला, दुसऱ्या कुणी यात वेळ घालवू नये.

"काय झालं?" फुकटीने विचारलं.

"काही नाही. बाबांना हे आवडेल. ही झाकणाची आतली बाजू आहे."

तीन आठवडे रोज काम आटपून ती फुकटीच्या खोलीत बसली. बाबांच्या कानात उंच आवाजांना आता जागाच उरली नव्हती. म्हणून तिने ते आवाज उचलून खालच्या पट्टीत, जिथे अजून ऐकू येत होतं तिथे, आणून ठेवले. तिच्या जुन्या कंपनीचं यंत्र हे करू देत नसे, इथे सतरा ओळींत झालं. त्या ओळींच्या डोक्यावर तिने आपली नोंद लिहिली: घड्याळजी वडिलांसाठी. यामुळे त्यांना शब्द पुन्हा ओळखता येतील.

ती दुपारची दुकानात गेली. बाबांनी डबी तळहातावर तोलून बघितली. "वजनदार आहे. खरी वाटते." तिने बोंडं त्यांच्या कानात बसवली, डबी शर्टाच्या खिशात घातली आणि आवाज हळूहळू चढवला.

बाबांनी मान वर केली. मग उठले, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळांपैकी डावीकडून तिसऱ्यापाशी गेले आणि कान देऊन उभे राहिले.

"हे लंगडतंय," ते म्हणाले. "दोन वर्षं लंगडत असणार. एका पायावर जास्त वेळ उभं राहतंय, बघ." त्यांनी घड्याळाचा तळ बोटाने केसभर सरकवला, ऐकलं, पुन्हा केसभर सरकवला. टिक आणि टॉक एकमेकांपासून सारख्या अंतरावर आले. ते तिच्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. तिने टेबलाची कड धरून ठेवली होती.

"बाबा," ती म्हणाली, "आता मी बोलते ते ऐका."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. तिने कागद तोंडापुढे धरला आणि शब्द म्हणायला सुरुवात केली. तीच पंचवीस शब्दांची यादी.

"घर."

"कर," बाबा म्हणाले.

"पान."

"काम? नाही... परत."

तिने परत म्हटलं, आणि परत. यादी संपली. पंचवीसपैकी चार.

"आवाज लख्ख येतोय," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी होती, अवघड घड्याळ उघडल्यावर पडायची तशी. "तू बोलतेस हे कळतं. पण शब्द कुठे गेले?"

शब्द कुठे गेले हे तिला ठाऊक होतं. ऐकू येणं कानाचं असतं, शब्द ओळखणं मेंदूचं. दीर्घकाळ शब्द पोचले नाहीत की मेंदूची ती ओळख पुसत जाते आणि मग आवाज कितीही स्वच्छ दिला तरी बऱ्याचदा परत येत नाही. यातली कानाची झीज किती आणि वाट बघण्यात गेलेली किती, हे वेगळं मोजायची कुठलीही रीत नाही. असती तर तिने मोजली असती.

तिने वहीत लिहिलं: सरावाने थोडे परत येतील. बाबांनी वाचलं. "थोडे म्हणजे किती?" तिने लिहिलं: माहीत नाही. तिच्या धंद्यातलं इतकं खरं उत्तर तिने आजवर कुणाला दिलं नव्हतं.

बाबांनी डबी खिशातून काढून उलटी केली. "हिला स्क्रू आहेत," ते खूश होऊन म्हणाले. "उघडू?" तिने मान डोलावली. त्यांनी चार स्क्रू काढले, आतली पट्टी भिंगातून बघितली, एका तारेच्या जोडाला नावं ठेवली. मग सुई घेऊन झाकणाच्या आतल्या बाजूला त्रिकोण कोरला, त्यात ठिपका, खाली आजची तारीख. झाकण लावून डबी पुन्हा खिशात ठेवली.

तिने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि वहीत लिहिलं: याच्याही आत खुणा असतात, माझीही आहे. तिची नोंद आता खरी राहिली नव्हती, आणि पुढच्या कुणीतरी ती खरी समजून वाचली असती. तिने दुसरं वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं. बाबा शेजारी लंगड्या घड्याळाचा लंबक पुसत होते.

"तूही तारीख घालतेस का?" त्यांनी विचारलं. "काय लिहिलंस?"

तिने कागद तोंडापुढे धरला नाही. त्यांच्याकडे वळून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत तिने पडद्यावरचं वाचून दाखवलं.

"घड्याळजी वडिलांसाठी. घड्याळं ऐकू आली. शब्द पंचवीसपैकी चार. दोन वर्षं उशीर झाला. आधीच्या यंत्राला कुलूप होतं. ते मी लावलं होतं."

शेवटचं वाक्य ती पुन्हा म्हणाली, पडद्याकडे न बघता. "कुलूप मी लावलं होतं, बाबा."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचे डोळे भरून आलेले त्यांना दिसत होते. त्यांनी लंबक खाली ठेवला. 'परत बोल' म्हणण्यासाठी ते ओठ उघडतील म्हणून ती वाट बघत थांबली.

त्यांच्या ओठांवर हसू आलं. भुवया किंचित वर गेल्या.

"हो, हो," ते म्हणाले आणि त्यांची मान हलली. दोनदा, जरा जास्तच भरभर.

वही दोघांच्या मध्ये उघडी होती. पेन्सिल सुतळीला लोंबत होती. भिंतीवरची बाकी सगळी घड्याळं एका चालीत चालली होती.

मग तिनेही मान हलवली.